तंबोऱ्यामागची जागा

लातूरला पूर्वी पाहुणा गवई यायचा तो बहुधा एकटाच. फार तर एखादा शिष्य बरोबर असायचा. तबला, पेटी, तंबोऱ्यावर बसणारी दोन पोरं हे सगळं गावानं उभं करायचं. नांदेडलाही तीच रीत. पैशांची तंगी होतीच, शिवाय प्रवास. मुंबईहून नांदेड गाठायचं म्हणजे मनमाडला मोठी गाडी सोडायची, मीटरगेजच्या डब्यात बसायचं आणि औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा करत रखडत यायचं. चार साथीदारांचं जाण्यायेण्याचं भाडं कुठल्याही मंडळाच्या वर्गणीत बसत नसे. या ओढाताणीतून आमच्याकडे एक व्यवस्था आपसूक उभी राहिली होती. कुणी तिचा ठराव केला नव्हता. पण मराठवाड्यातली गाणारी-वाजवणारी पोरं तिनंच घडवली.

मी बोलतोय ते सत्तर-ऐंशीच्या दशकांबद्दल. लातूर जिल्हा झालं १९८२ साली. त्याआधी ते उस्मानाबाद जिल्ह्यातलं, गंजगोलाईभोवती वाढलेलं व्यापारी गाव. मैफल व्हायची गणपतीत, रामनवमीला, दत्तजयंतीला. जागा म्हणजे देवळाचा सभामंडप, शाळेचा हॉल, नाहीतर एखाद्या आडत्याच्या दुकानाची ओसरी. दिवसा जिथं तूर-मुगाचे सौदे व्हायचे, तिथंच रात्री पोती भिंतीकडे सरकवून सतरंज्या पडायच्या. धूळ उडून गवयाच्या घशाला त्रास होऊ नये म्हणून संध्याकाळीच पाणी शिंपडून ठेवत. बिदागीचा मोठा वाटा बहुतेक वेळा तो आडत्याच उचलायचा. त्याला गाण्यातलं फारसं कळत नसे, पण पहाटेच्या भैरवीपर्यंत तो मांडी मोडायचा नाही.

तंबोऱ्यांची जोडी गावात एखाद्याच घरी असायची. मळखाऊ कापडाच्या गवसणीत गुंडाळलेली, कोपऱ्यात उभी. गाण्याच्या दिवशी ती दुपारीच हलवायची, कारण वाद्याला जागेची हवा लागावी लागते. गवई जरा विसावला की पोरांना जवळ बोलवायचा आणि तंबोरे लावायला घ्यायचा. माझ्यासारख्या कितीतरी जणांची खरी शिकवणी तेव्हा सुरू व्हायची. पहिली तार पंचमाची, मधली जोडी षड्जाची, शेवटची खरजाची. खुंटीनं सूर जवळपास आणायचा, मग मणी केसभर सरकवून तो नेमका करायचा. त्यानंतर जवारीचा दोरा. घोडीवर तारेखालून तो रेशमी दोरा बोटानं मागेपुढे करताना अशी एक जागा येते की कोरडी वाजणारी तार एकदम गुंजायला लागते आणि तिच्यातून गंधार ऐकू येतो. जी तार कुणी लावलेलीच नाही तिचा सूर! तो पहिल्यांदा ऐकू आला की पोरगा गवयाकडे बघायचा, गवई नुसती मान हलवायचा. हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण कानात ते असंच उतरतं.

मग रात्रभर गवयाच्या मागं बसायचं. मधल्या बोटानं पहिली तार, तर्जनीनं उरलेल्या तीन, एका गतीनं, लयीत न अडकता. समोरून ऐकणाऱ्याला गाणं ऐकू येतं. मागं बसणाऱ्याला गाण्याच्या आधीचं सगळं कळतं. श्वास कुठं घेतला, अवघड तानेआधी खांदे कसे सैल सोडले, सम चुकलेल्या तबलजीला हातानं न दाखवता गळ्यानं कसं जागेवर आणलं. गावातल्या तबलजीची तर परीक्षाच असायची. विलंबित एकताल इतका सावकाश की दोन मात्रांच्या मध्ये घाम फुटावा. ठेका सोडून काही वाजवायचं नाही, हे पाहुण्यानं आधीच बजावलेलं असे. त्या एका रात्रीनंतर पोरांचा हात बदललेला मी पाहिला आहे.

दुसऱ्या दिवशी गाडी संध्याकाळची, म्हणजे पाहुण्याचा अख्खा दिवस गावातच. ज्याच्या घरी उतरलेला असेल तिथं सकाळी पोहे-चहा आणि मग पोरांचं गाणं ऐकणं. पाहुणा खुशीत असला तर एखादी बंदिश सांगायचा. ती वहीत उतरवून घ्यायची घाई व्हायची. माझ्या पिढीकडच्या वह्यांत अशा कितीतरी चिजा आहेत, ज्यांच्यापुढे नुसतं गावाचं नाव आणि कुठला उत्सव एवढंच लिहिलेलं असतं.

या वातावरणातून माणसं उभी राहिली. नांदेडला अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकलेले नाथराव नेरळकर पुढे औरंगाबादेत गेले, तिथं त्यांनी पिढ्या शिकवल्या, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळवला. २०२१ साली ते गेले तेव्हा मराठवाड्यातल्या गावागावांत त्यांचे शिष्य होते. लातूरला शांताराम चिगरी गुरुजींनी हेच काम केलं. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत या माणसांवर किती लिहून आलं याला महत्त्व नाही. इथल्या मुलाला शास्त्रोक्त गाणं शिकायला घर सोडावं लागलं नाही, ते यांच्यामुळे.

लातूरकरांना आणखी एक सोय होती, ती म्हणजे बार्शी लाईट. लातूरहून कुर्डूवाडी, पंढरपूर आणि तिथून थेट मिरजेपर्यंत अरुंद रुळांची एकच ओळ. १९११ मध्ये ती लातूरला पोचली, १९२७ मध्ये मिरजेला. मिरज म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव, दर्ग्याच्या उरुसातल्या गाण्याचं गाव आणि तंबोऱ्यांचं गाव. तंबोऱ्याचे भोपळे पिकतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडे, वाद्य घडतं मिरजेत, म्हणजे सगळा व्यवहार याच रुळांच्या आजूबाजूचा. तंबोरा दुरुस्तीला न्यायचा तर डब्यात त्याला खिडकीची जागा द्यायची आणि माणसानं उभं राहायचं. त्याची तक्रार कुणी केली नाही. २००८ पर्यंत लातूर-कुर्डूवाडी पट्टा ब्रॉडगेज झाला, पुढं मिरजेपर्यंतचाही. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळानं घसा कोरडा पडलेल्या लातूरला त्याच मार्गानं मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. सगळ्या देशानं ती बातमी पाहिली. मला मात्र ती गाडी येताना पाहून वाटलं, या रुळांनी मिरजेहून आम्हाला आधीही खूप काही आणून दिलं आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आनंद लातुरातही व्हायला हवा होता.

आता आजचं चित्र. ते वाईट आहे असं म्हणणं अन्याय होईल. नांदेडला शंकरराव चव्हाणांच्या स्मृतीत यशवंत महाविद्यालयाच्या प्रांगणात फेब्रुवारीअखेर ‘संगीत शंकर दरबार’ भरतो. ज्यांना ऐकायला आम्ही पुण्याला सवाई गंधर्वला जायची स्वप्नं पाहायचो, त्या तोलाचे कलावंत नांदेडकरांना गावात ऐकायला मिळतात. दिवाळीत गोदावरीच्या काठी बंदाघाटावर पहाटेचा कार्यक्रम होतो, पायऱ्यांवर हजारो माणसं बसतात, आणि तिथं इथलीच मुलं गातात. २००८ च्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीनं शहराचं रूप पालटलं, त्यात हे घाटही नीटनेटके झाले. लातूरला दयानंद सभागृह आहे, महाविद्यालयात संगीत विभाग आहे. ध्वनियंत्रणा अशी की शेवटच्या रांगेत तंबोऱ्याची आस ऐकू यावी. आमच्या वेळी आहुजाचा भोंगा निम्म्या मैफलीत शिट्टी मारायचा.

आणि मुली! पूर्वी मैफलीत स्त्रिया पडद्याआड नव्हत्या, पण एका कडेला बसायच्या, अर्ध्यातून उठून घरी जायच्या. आज कुठल्याही गायनवर्गात जा, निम्म्याहून जास्त मुलीच दिसतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारदपर्यंत जाणाऱ्यांतही त्याच पुढे. मला विचाराल तर गेल्या पन्नास वर्षांत मराठवाड्याच्या संगीतात याहून मोठं काही घडलेलं नाही.

मग हरवलं काय? तंबोऱ्यामागची ती जागा. १९७९ मध्ये बंगळूरच्या राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला. रियाजाला त्याचे उपकार मोठे आहेत. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला तंबोरा परवडत नाही. पण ती पेटी रियाजाच्या खोलीतून मंचावर आली. आता तर मोबाइलच पुरतो. पाहुणा येतो तो इनोव्हातून, तबला-पेटीची स्वतःची जुळलेली साथ घेऊन. त्यात त्याचं काय चुकलं? सरावातली साथ असेल तर गाणं खुलतं. कार्यक्रमाला वेळेची मर्यादा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनंतर उघड्यावर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद. दरबारी, मालकंस यांची खरी वेळ यायच्या आधीच माणसं पार्किंगकडे निघतात. पाहुणा जेवून रात्रीच परत. इथल्या मुलाच्या वाट्याला येतो तो स्वागताचा गुच्छ देण्याचा मान आणि एक सेल्फी.

काही आयोजक सुरुवातीचा अर्धा तास स्थानिक मुलांना देतात. चांगलं आहे, पण प्रेक्षक तेव्हा खुर्च्या शोधत असतात, पाहुणा अजून हॉटेलात असतो. मूल गातं खरं, पण ज्याच्याकडून शिकायचं तो ऐकायला नसतो, आणि तो गातो तेव्हा मूल पंधराव्या रांगेत असतं.

दुसरी अडचण लातूरकरांना सांगायला नको. लातूर पॅटर्ननं या भागातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना डॉक्टर-इंजिनिअर केलं. त्याचं मोल मी कधीच कमी लेखणार नाही. नांदेडही आता त्याच वाटेवर आहे. पण अकरावीला ट्युशन एरियात खोली घेतली की तबल्याची जोडी गावी माळ्यावर जाते. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळायला लागल्यापासून वर्गांत गर्दी वाढली, आणि निकाल लागल्यावर ती ओसरतेही. सोळा ते अठरा, गळा आणि हात पक्का होण्याची हीच वर्षं. याच वर्षांत आमच्या वेळची पोरं पाहुण्याच्या मागं तंबोरा धरून बसलेली असायची.

ती जागा पूर्ण संपलेली मात्र नाही. औसा, निलंगा, अहमदपूर, कंधार, लोहा, कुठल्याही तालुक्यात सप्ताहाला जाऊन बघा. कीर्तनकार महाराज गाडीतून येतात, पण मागं उभे असतात ते पंचक्रोशीतले टाळकरी. मृदंगावर कधी कधी मिसरूड न फुटलेला पोरगा, आळंदीला दोन-चार वर्षं राहून आलेला. महाराजांनी अभंगाचा चरण सोडला की गायक मंडळी तो उचलतात, चाल वर नेतात, मृदंगवाला त्यांच्या टिपेबरोबर लग्गी लावतो, आणि महाराज मान डोलावून त्याला आणखी वाजवू देतात. शेकडो माणसांसमोर, जाणत्याच्या शेजारी, चुकण्याची मुभा असलेलं शिक्षण. नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात कीर्तनी जथ्यांमध्येही मुलं मोठ्यांच्या बाजूला बसून तयार होतात. गुरुग्रंथसाहिबातली बाणी ३१ रागांत बांधलेली. त्यात आपल्या नरसीच्या नामदेवांची पदंही आहेत. ख्यालाच्या मैफलीनं जे सोडलं ते देवाच्या दारात टिकलं आहे.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये मिंटन्स प्लेहाऊस नावाची जागा होती. १९४० च्या दशकात रात्री उशिरा तिथं नामवंत जॅझ वादक जमायचे, आणि ज्याच्यात हिंमत असेल त्या पोरानं त्यांच्यात जाऊन वाजवायचं. थेलोनियस माँक, डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर यांच्या नव्या जॅझनं तिथंच आकार घेतला. मुंबईत निरंजन झवेरींनी १९७८ मध्ये जॅझ यात्रा सुरू केली, रंगभवनच्या उघड्या मंचावर जगभरचे वादक आले. ते संगीत आणि आपलं संगीत वेगळं, पण दोन्ही उत्स्फूर्त, दोन्ही लिहून घेता न येणारं. असं संगीत वडीलधाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून बसल्याशिवाय येत नाही, हे हार्लेमच्या पोरालाही ठाऊक होतं आणि आडत दुकानातल्या पोरालाही.

म्हणून नांदेड-लातुरात मैफली करणाऱ्या मंडळींकडे माझं एक मागणं आहे, आणि ते खर्चाचं नाही. कलावंताशी तारीख ठरवतानाच सांगा, की दोन तंबोरे आमच्या गावचे असतील आणि त्यावर आमची दोन मुलं बसतील. मोठे कलावंत याला नाही म्हणत नाहीत. अनेकांना उलट बरं वाटतं, कारण तेही असेच कुणाच्या तरी मागं बसून मोठे झाले. मुलांना दुपारी तंबोरे लावायच्या वेळी आत सोडा, ध्वनीवाल्याच्या तपासणीनंतर नव्हे. पाहुण्याचं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशी दुपारचं काढा आणि सकाळ पोरांसाठी ठेवा. सुरुवातीचा अर्धा तास स्थानिकांना द्यायचाच असेल, तर पाहुण्याला तेव्हा पहिल्या रांगेत बसवा. ट्युशन एरियातल्या मुलांसाठी महिन्यातून एका रविवारी सकाळी दोन तासांची बैठक ठेवा, माईक नको, मंच नको, सतरंजी पुरे. रविवारची टेस्ट संपली की ती येतील. आणि जोडी जुनी झाली असेल तर मिरजेहून नवी मागवा.