फसली १३५२

२ जून २०२४, रविवार
आजोबांची हिशेबाची वही आज ट्रंकेतून काढली. लाल कापडी पुठ्ठा, आत ओळीमागून ओळ उर्दू. घरात, शेतात मराठी बोलणारा माणूस सालगड्याचे पैसे आणि बियाण्याचा खर्च उर्दूत लिहायचा, कारण शाळा निजामाच्या राज्यातली. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिकवण्याची भाषा उर्दूच होती. आजोबांचं अक्षर मला वाचता येत नाही, हे फार लागलं. नवी वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं : तीन महिन्यांत उर्दू शिकायची.

९ जून
सात दिवस रोज अर्धा तास बसले. वहीत सात बरोबरच्या खुणा. पण काय येतं, असं स्वतःला विचारलं तर दाखवण्यासारखं काहीच नाही. त्या खुणा बसल्याच्या होत्या, शिकल्याच्या नव्हत्या. पहिल्या पानावरचं वाक्य खोडलं. 'उर्दू शिकायची' हे कोणत्या संध्याकाळी पुरं झालं म्हणायचं? यापुढे झोपण्याआधी हो की नाही सांगता येईल, एवढंच लिहायचं. उद्याचं : जीम, चे, हे, खे न बघता काढणे. चौघांचा देह एकच, फरक नुक्त्यांचा, म्हणजे ठिपक्यांचा.

१६ जून
शहागंजातून कायदा आणला. उर्दूच्या अंकलिपीला कायदा म्हणतात. दुकानातल्या चाचांनी दोन ओळी वाचून घेतल्या. मी मनात वाचून मग बोलत होते, ते त्यांच्या लगेच लक्षात आलं. "आवाज से पढो बेटा, जल्दी नक्को." वहीत एक रकाना वाढवला : मोठ्याने वाचलं का?

३० जून
जीम सोडून 'ज' साठी आणखी चार अक्षरं आहेत : जे, जाल, जाद, जोय. नुसती पाठ करायला घेतली आणि तीन रात्री लागोपाठ 'नाही' लिहावं लागलं. चौथ्या दिवशी प्रत्येकासाठी एकेक शब्द धरला. जमीनमध्ये जे, हाजिरमध्ये जाद, नजरमध्ये जोय, कागजमध्ये जाल. आणि लिहिता लिहिता थांबले. जमीन, हजर, नजर, कागद : चारही शब्द माझ्या घरातलेच! जाल म्हणजे नुक्ता दिलेला दाल. नुक्ता झाकला की 'कागद'मधला आपला द तिथेच बसलेला दिसतो. मी परकी भाषा शिकत नव्हते. इतका आनंद फार दिवसांत झाला नव्हता.

त्या तीन 'नाहीं'मुळे एक नियमही ठरला. हुकलेलं काम तसंच उद्यावर ढकलायचं नाही, त्याचे दोन तुकडे करायचे.

२१ जुलै
सिटी चौक ते शहागंज, पाच पाट्या वाचायच्या होत्या. तीन जमल्या. ऱ्हस्व स्वर लिहितच नाहीत, म्हणून 'इस' आणि 'उस' दिसायला सारखेच. वाक्य कळलं तरच उलगडतात. पाट्यांवर वाक्य नसतं. पुढच्या आठवड्यात पाट्या नकोत, उर्दू वर्तमानपत्रातली एक बातमी, तिच्यातल्या दोन ओळी.

११ ऑगस्ट
फक्त एक ओळ वाचली.

पण उर्दूतलं या गावाचं, औरंगाबादचं, स्थान आठवून मन भरून आलं. वली आणि सिराज या कवींच्या नावांपुढे औरंगाबादी लागतं, ते ठाऊक होतं. मौलवी अब्दुल हक इथे राहून अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचं काम बघत, 'उर्दू' हे त्रैमासिक १९२१ मध्ये इथूनच निघालं, त्यांचा मोठा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ मध्ये इथेच छापला गेला, हे आपल्याला शाळेत कुणी सांगायला हवं होतं. या शहरात वाढून ते मला पन्नाशीत कळावं, याची खंत वाटते.

१७ सप्टेंबर, मंगळवार
मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी. सकाळी सिद्धार्थ उद्यानात झेंडावंदन, दुपारपासून ढोल. मी आजोबांची वही घेऊन बसले. हाताचं अक्षर छापील अक्षरासारखं नसतं, नुक्ते तर बरेच गाळलेले. आजचं ध्येय : कोणत्याही पानावरचा एक शब्द.

सापडला. जीम, वाव, अलिफ, रे. वाव, अलिफ, रे यांतलं कोणतंच पुढच्याला जोडत नाही, म्हणून सुटी सुटी उभी होती. जवार. आजोबा बोलताना म्हणायचे, अगदी तसंच लिहिलेलं. वर तारीख : दै १३५२ फसली. दै हा महिना, फसली हे निजामाच्या राज्यातलं साल. त्यात ५९० मिळवले की १९४२, दिवाळीनंतरचे दिवस.

पुढचा शब्द 'पे'ने सुरू होतो. धान्याचं माप असावं, पायली किंवा पल्ला. 'पे'नंतरची उभी रेघ अलिफ असेल तर तिच्यापुढे जोड तुटेल, लाम असेल तर चालू राहील. नेमकी तिथेच शाई पसरली आहे. उद्याचं : भिंग आणून तो जोड बघणे.