व्हॅस बोलतोय!

'हाय, व्हॅस बोलतोय!' तीन-चार वर्षं फोनवर माझी ओळख ही अशी. ऑफिसच्या पहिल्याच दिवशी टीम लीड म्हणाला, 'वसंत? अरे, हे तर माझ्या मोठ्या काकांचं नाव!' सगळे हसले आणि लंचपर्यंत माझा व्हॅस झाला. खरं सांगू? मला बरंच वाटलं. कॉलेजात बॅचला तीन रोहन, चार निखिल आणि वसंत मी एकटाच. कुणी पूर्ण नावाने हाक मारली की आपण कोट-टोपी घालून उभे आहोत असं वाटायचं.

शेवटी गॅझेटमध्ये नाव बदलायचं ठरवलं. नवं नाव विहान, एकदम कूल. फॉर्म भरायला घेतला आणि एका रकान्यावर घोडं अडलं. नाव बदलण्याचं कारण?

त्याच सुमारास, एप्रिल 2022मध्ये, 'मी वसंतराव' लागला. आजोबा म्हणाले, 'मला ने.' माझं नाव त्यांनीच ठेवलेलं, वसंतराव देशपांड्यांवरून. मल्टिप्लेक्सच्या दारात माझं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत बघून मीच जरा दचकलो. गाण्यातलं मला फार कळत नाही, पण एक गोष्ट लागली. हा माणूस पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये कारकून होता. मीही अकाउंट्समध्येच, दिवसभर बिलं तपासतो. 1967मध्ये 'कट्यार काळजात घुसली'तले खाँसाहेब त्यांनी रंगवले, तेव्हा ते 47 वर्षांचे होते. म्हणजे बॉस, अजून वेळ आहे!

परतताना रिक्षात आजोबा बोटांवर मोजायला लागले. 'दो आँखें बारह हाथ'चं संगीत वसंत देसाईंचं. 'सांगत्ये ऐका'चं वसंत पवारांचं. लताबाईंकडून एकाहून एक भावगीतं गाऊन घेणारे वसंत प्रभू. 'रायगडाला जेव्हा जाग येते' लिहिणारे वसंत कानेटकर. 'विच्छा माझी पुरी करा'वाले वसंत सबनीस. कवी वसंत बापट. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्यावर आले.

मग सहज म्हणाले, 'वसंता, ऑफिसात तुला काय म्हणतात रे?'

खोटं बोलता आलं असतं. पण मी म्हणालो, 'व्हॅस.'

'व्हॅस,' त्यांनी एकदा म्हणून बघितलं. पुन्हा एकदा. मग रिक्षाबाहेर बघत बसले. रागावले असते तर परवडलं असतं.

रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर त्यांची यादी शोधत बसलो. आणि उडालोच! बापटांचं खरं नाव विश्वनाथ. सबनिसांचं रघुनाथ. चांगली भारदस्त नावं असताना दोघेही 'वसंत' म्हणून लिहीत राहिले आणि त्याच नावाने ओळखले गेले. आणि मी? नेमका उलट्या दिशेने निघालेलो.

दुसऱ्या दिवशी कॉलवर म्हणालो, 'वसंत बोलतोय.' पलीकडे दोन सेकंद शांतता. मग क्लायंटने विचारलं, याचा अर्थ काय? म्हटलं, स्प्रिंग. ती म्हणाली, मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?

फॉर्म अजून ड्रॉवरमध्ये आहे. कारणाचा रकाना कोराच आहे. आणि हो, टीम लीड अजूनही व्हॅसच म्हणतो. म्हणू दे. आजोबांसमोर म्हणाला नाही म्हणजे मिळवली!