दहा ते पाच

'ऑफिसची नोकरी' एवढं ऐकलं आणि पुढचं मी ऐकलंच नाही. सगळ्या चुकांची सुरुवात तिथून.

कोल्हापुरातल्या एका दैनिकात मी आठ वर्षं उपसंपादक होते. दुपारी चारला डेस्कवर बसायचं, आधी तालुक्यांची पानं, मग शहराची. शेवटचं पान सुटेपर्यंत साडेबारा वाजायचे. जून 2024 मध्ये मुलगा झाला आणि मी ठरवून टाकलं, आता रात्र नको. मराठी टायपिंगला हात बसलेला, भाषा बरी. सरळ दहा ते पाचची सेक्रेटरीची नोकरी धरायची. राजारामपुरीतल्या एका वकिलांना टायपिंग आणि पत्रव्यवहारासाठी बाई हवी होती. रजा संपायच्या आत राजीनामा पाठवला.

मला दिवसाचं काम मिळेल का, हे संपादकांना एकदाही विचारलं नाही. नाही म्हणाले तर अपमान होईल, या भीतीनं आधीच दार लावून घेतलं. पुढं कळलं, त्याच महिन्यात पुरवणीचं काम बघणारा सहकारी पुण्याला गेला होता. ती जागा दिवसपाळीची होती. आणखी लाजिरवाणं म्हणजे, 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा ती बातमी आमच्या पानावर मीच लावली होती. मथळा दिला बारा आठवड्यांच्या जागी 26 आठवड्यांच्या रजेचा. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडं जाऊ द्यायला हवं, हा खालचा परिच्छेद जागा नाही म्हणून कापला. तोही मीच. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दोन जादा सुट्ट्या मिळतात, हे जुन्या कायद्यातच होतं. तेही तेव्हा वाचलं नव्हतं.

राजीनाम्यानंतर पीएफ काढला, पेन्शनच्या भागासकट. पेन्शनला दहा वर्षं लागतात. पैसे न उचलता पेन्शन योजनेचं सर्टिफिकेट घेतलं असतं तर माझी आठ वर्षं पुढच्या नोकरीला जोडता आली असती. हिशेब न करता फॉर्म भरला.

जानेवारीत वकिलांकडं गेले. पहिल्याच दिवशी दहाला मी दारात, साहेब काळा कोट हातावर टाकून जिन्यात. "मी कोर्टात निघालोय. तुम्ही फोन घ्या. आपलं काम पाचनंतर."

वकिलाचं ऑफिस संध्याकाळी भरतं, हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असेल. कोर्ट सुटलं की पक्षकार येतात, जिना चपलांनी भरतो, चहाचे कप फिरतात आणि सातनंतर साहेब डिक्टेशन द्यायला लागतात. अकरा ते पाच मी माशा मारायचे, पाच ते साडेआठ मान वर करायला फुरसत नसायची. पेपरातच असते तर निदान दुपारपर्यंत पोरगं माझ्याजवळ राहिलं असतं. आता सकाळही गेली, संध्याकाळही गेली. पगार सव्वीस हजारांवरून चौदावर आला, तो या सोयीसाठी!

घरी सासूबाई होत्या. त्यांनी महिनाभर काही म्हटलं नाही. मग एका रात्री झोपलेलं पोरगं माझ्या मांडीवर देत म्हणाल्या, "मी दमलो बघ आता." (आमच्याकडं बायका अशाच बोलतात.) त्या दमल्यात हे मला दिसत होतं. पण आपण ज्याला सोयीची नोकरी म्हणून मिरवलं, ती दुसऱ्याच्या कंबरेवर चालली आहे, हे कबूल करायला मला आणखी दोन महिने लागले.

कामातही मी शहाणपणा केला. 'सबब', 'सदरहू', 'येणेप्रमाणे' ही भाषा मला कुजकी वाटायची. एका मनाई अर्जात 'सदर मिळकत' पंधरा वेळा आलेलं पाहून हात शिवशिवले. सगळीकडं 'ही जमीन' करून टाकलं. वाचायला झकास झालं. रात्री साहेबांनी कागद पाहिला. मिळकतीत जमीन होती, विहीर होती आणि ज्यावरून भांडण पेटलं होतं ते घर होतं. माझ्या सोप्या मराठीत घरच उडालं होतं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "बाई, इथं वाचक नसतो, विरुद्ध बाजूचा वकील असतो." तो अर्ज मी बसून पहिल्यापासून टाईप केला. घरी पोचायला दहा वाजले.

18 ऑगस्ट 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टात सुरू झालं. ज्यासाठी इथल्या वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, ते मिळालं. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची कामंही आता इथंच. गावाला आनंद झाला, मलाही झाला. पण कामाचा ढीग वाढला आणि साडेआठचे साडेनऊ होऊ लागले. तेव्हा कुठं मी तोंड उघडलं, जे वर्षापूर्वी संपादकांसमोर उघडायला हवं होतं. साहेबांना म्हटलं, रात्री डिक्टेशन मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. मी सकाळी आठला येऊन साडेदहाच्या आत कागद तयार देते आणि दुपारी तीनला जाते. नाही म्हणणार, ही मनाची तयारी करूनच गेले होते. ते फाईलमधून वर न बघता म्हणाले, "चालेल की. आधी का नाही बोललात?"

सध्या सव्वातीनला घरी असते. सासूबाई चारला गल्लीतल्या भिशीला जातात. टायपिंगचा वेग वाढलाय, 'सदर मिळकत' आता डोळे मिटून येतं. मातृत्व लाभाला ऑफिसात दहा माणसं लागतात, पीएफला वीस, पाळणाघराला पन्नास. वकिलांकडं आम्ही चौघं आहोत.