डाव्या हाताला बंदी

पक्षाघातानंतर आमच्या उजव्या हातातला खडू गळाला. डाव्याने सारा कारभार सांभाळला. आम्हांला त्याचे कौतुकच वाटे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मात्र त्या कर्तबगार डाव्यालाच जाड मोजा चढवला. दुबळ्या हाताचे प्रयत्न फसत राहतात, म्हणून माणूस तो न वापरायलाच शिकतो, हे एडवर्ड टाउब यांनी माकडांवरील प्रयोगांतून ओळखले होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, २२२ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत उपचार दोन आठवड्यांचा होता: जागेपणीचा ९० टक्के वेळ मोजा आणि रोज कसून सराव. सुधारणा वर्षभरानंतरही टिकली. मनगट-बोटे थोडी तरी उचलता येणाऱ्यांसाठीच हा मार्ग. आमची उचलत होती. तरी वाटाणे वेचताना रडू येई. पंधराव्या दिवशी आम्ही सही केली. बँकेने ती नाकारली. आम्ही मात्र ती ओळखली.