आथंगुडीची फरशी, आमचा बोळ

रामेश्वरची यात्रा आमच्या घरी तीन वर्षे नुसती बोलण्यात होती. एकदा उसाचे बिल लांबले, एकदा घरात लग्न निघाले, एकदा म्हैस व्यायला झाली होती. अखेर गेल्या माघात ऊस कारखान्याला गेला आणि गावच्या मंडळींबरोबर आम्ही तिघे निघालो. सासूबाई, हे आणि मी. सासूबाईंनी देवघरात जपलेली काशीची गंगा रामेश्वराला घातली, देवळातल्या बावीस तीर्थांची स्नाने झाली. परतीला मंडळी मदुराईकडे निघाली आणि आम्ही मात्र कारैकुडीच्या गाडीत बसलो. बरोबरच्या बायकांना वाटले, तिकडेही एखादा मोठा देव असेल. मी म्हटले, "देव नाही, फरशी आहे." त्यांना ती थट्टाच वाटली.

थट्टा नव्हती. आमचे घर जुने, ह्यांच्या आजोबांनी बांधलेले. पुढे सोपा, मागे माजघर, आणि दोहोंच्या मधून बावीस फूट लांबीचा बोळ. देवघराचे, बाळंतिणीच्या खोलीचे, धान्याच्या खोलीचे दार ह्याच बोळात उघडते. रानातून आलेला माणूस इथूनच आत येतो, न्हाणीकडे जाणारा ओल्या पायाने इथूनच जातो. इतकी वर्षे जमीन शेणाने सारवत होतो. आता गोठ्यात एकच म्हैस, शेण पुरत नाही, माझेही गुडघे धरले आहेत, आणि घुशींनी तर जमीन पोखरून ठेवलेली. फरशी घालायची हे ठरले होते. कोणती घालायची, इथेच गाडे अडले.

पुण्याचे भाऊजी म्हणाले, "वहिनी, पांढरीशुभ्र चकचकीत टाइल घाला. पैसे मी देतो, घर उजळून निघेल." त्यांच्या मनात खोट नव्हती. पण आदल्या पावसाळ्यात सासूबाई त्यांच्याच घरी तशाच टाइलवर घसरल्या होत्या. उजवे मनगट मोडले, सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. तेव्हापासून टाइलच्या घरात गेल्या की त्या भिंतीला हात लावून चालतात. स्वतःच्या घरात सासूबाईंनी असे भिंत धरून चालायचे, हे मला बघवणारे नव्हते. आणि भाऊजींना नाही म्हणायचे तर काही कारण हातात हवे.

ते कारण गावच्या एका निवृत्त गुरुजींनी दिले. ते चित्रकला शिकवायचे. म्हणाले, "रामेश्वरला निघालाच आहात, तर वाट वाकडी करून आथंगुडीला जा. तिथे अजून हाताने फरशी करतात." मला माझे माहेर आठवले. कोल्हापूरच्या त्या जुन्या घरात अशीच नक्षीची सिमेंटची फरशी होती, लाल-काळी, मधे फुले. घर पाडले तेव्हा ती घणाने फोडून भरावात टाकली. एक तुकडा मी उचलून आणला, तो आजही तुळशीपाशी आहे.

ह्या फरशीचेही गोत आहे. मुंबईत राणीच्या बागेतले भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली उघडले, त्याची जमीन विलायतेच्या मिंटन कारखान्याच्या लाद्यांची आहे. त्या मातीच्या, भट्टीत भाजलेल्या. रंगीत मातीच मातीत बसवलेली असल्याने झिजली तरी नक्षी राहते. सिमेंटची फरशी भट्टीत जात नाही. ती युरोपात गेल्याच्या आधीच्या शतकात निघाली आणि विलायती मालाला उत्तर म्हणून मुंबईत १९२२ साली 'भारत टाइल्स'ने ती इथे करायला घेतली. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या घरांतून आणि चाळींतून पायाखाली जी रंगीत लादी दिसते, ती ह्याच जातीची. आथंगुडीची फरशी तिचीच बहीण म्हणा, फक्त दाबयंत्राशिवाय वाढलेली.

कारैकुडी शिवगंगा जिल्ह्यात येते. सगळा मुलूख कोरडा, लाल मातीचा, बाभळींचा. आणि अशा रुक्ष गावांतून एकेक घर असे, की ह्या रस्त्यावरून शिरावे आणि मागच्या रस्त्यावर निघावे. ही चेट्टियार सावकारांची घरे. ब्रह्मदेश, मलाया, सिलोन इथे त्यांची सावकारी चाले. तिकडून सागवान आणले, इटलीहून संगमरवर. १९४२ साली जपान ब्रह्मदेशात शिरला आणि तिथला व्यवहार बसला तो बसलाच. आज कित्येक वाड्यांना कुलूप आहे. आथंगुडीतला एक मोठा वाडा तिकीट काढून पाहता येतो. दारापुढे आपल्यासारखाच ओटा, त्याला ते तिण्णै म्हणतात. आत चौकामागे चौक. सासूबाई छताकडे पाहतच नव्हत्या. चप्पल बाहेर काढून ठेवलेली, तळपायाने जमीन चाचपत चालल्या होत्या. मला म्हणाल्या, "गार आहे गं. सारवल्यागत."

फरशीचे कारखाने म्हणजे पत्र्याची छपरे, मागे पाण्याची टाकी. आमचा रिक्षावाला मोडके हिंदी बोलायचा, तो दुभाष्या झाला. काम पाहायला मिळाले, आणि मी सांगते, तासभर तिथून हलावेसे वाटले नाही. लोखंडी चौकटीत काचेचा तुकडा ठेवतात. त्यावर पत्र्याच्या पट्ट्यांचा नक्षीचा साचा. रंग मिसळलेले पातळ सिमेंट पळीने एकेका कप्प्यात ओततात, पिवळे इथे, तांबडे तिथे, आणि साचा अलगद वर उचलतात. रंग एकमेकांत जात नाहीत, रेषेला रेष लागून राहतात. वरून कोरडे वाळू-सिमेंट भुरभुरतात, ते ओल शोषून घेते. मग ओला माल भरून थापीने सारखे करायचे. म्हणजे नक्षी तळाला आणि पाठ वर. उन्हात सुकली की काही दिवस पाण्यात ठेवतात, आणि मग काच आपोआप सुटून येते. फरशीला जी झळाळी असते ती त्या काचेची, पॉलिशची नव्हे.

एका बाईच्या हाताला हात लावून सासूबाईंनी पळी मागितली. तिने दिली. सासूबाईंचा रंग साच्याबाहेर सांडला, दोघी हसल्या. भाषा कुणाचीच कुणाला येत नव्हती. पण त्या बाईच्या दारात कोलम काढलेले होते, आणि ठिपके कसे जोडले हे सासूबाईंना विचारावे लागले नाही.

आता परीक्षा. मी कारखानदारांना सांगून तयार फरश्यांच्या चार-पाच ओळी जमिनीवर मांडायला लावल्या आणि वर तांब्याभर पाणी ओतले. ते गृहस्थ चक्रावलेच. आधी ह्यांनी चालून पाहिले, मग ह्यांचा दंड धरून सासूबाई. खोटे कशाला सांगू, ओली झाली की तीही निसरते. पण सिमेंट थोडे पाणी पिते, त्यामुळे चकचकीत टाइलवर जसा पाण्याचा पातळ पडदा राहतो तसा फार वेळ राहत नाही. सासूबाई दोनदा गेल्या, दोनदा आल्या, आणि दुसऱ्या खेपेला ह्यांचा दंड सोडला. त्यावरून मी दोन गोष्टी ठरवल्या. न्हाणीच्या दारापुढचे चार फूट ह्या फरशीचे नाही करायचे, तिथे खरबरीत दगडच. आणि तिकडे खोबरेल तेलाने फरशी पुसून चमकवतात, ते आपल्याकडे नाही. पिळलेल्या फडक्याने पुसायची, बस्स.

मापे मी घरून लिहून नेली होती. फरशी आठ इंची. बोळाची लांबी २२ फूट, म्हणजे २६४ इंच, म्हणजे बरोबर ३३ फरश्या. रुंदी सोप्याच्या बाजूला ७० इंच आणि माजघराच्या बाजूला ६७. जुन्या भिंती गुण्यात नसतातच. तुमच्या घरीही असा बोळ असेल तर एकाच जागी माप घेऊ नका. दोन्ही टोके मोजा, मधेही मोजा. भिंतीला भिडवून किनार लावली की वाकडेपणा बोट दाखवल्यासारखा दिसतो. म्हणून नक्षी मधोमध आठ फरश्यांची, ६४ इंच सरळ, आणि दोन्ही कडांना जे तीन इंच ते दीड इंच उरेल त्यात लाल कोब्याची पट्टी. वाकडेपणा सगळा त्या पट्टीने गिळायचा.

पण फुलाने पेच घातला. एक फूल चार फरश्यांत पुरे होते, प्रत्येकीवर एक चतकोर. किनारीची एक ओळ चारी बाजूंनी सोडली तर आत रुंदीला सहा आणि लांबीला ३१ उरत. सहाचे ठीक, ३१ विषम. शेवटच्या ओळीला अर्धी फुले! हे म्हणाले, "माजघरात कोण बघतंय?" सासूबाईंनी जमिनीवर बोटाने ठिपके मांडले, ओळ मोजली आणि म्हणाल्या, "एक ओळ उंबऱ्याला देऊन टाक." तेच केले. माजघराच्या उंबऱ्यालगत आठ साध्या तांबड्या फरश्या. मग आत ३० गुणिले ६, म्हणजे १८० फरश्या, ४५ फुले पुरी. किनारीला ७२, कोपऱ्याला ४. बेरीज २६४. त्यावर फूटतूट धरून २९४ सांगितल्या, आणि कोपरे मुद्दाम सहा. कोपरा फुटला तर दुसऱ्या कशाने भागत नाही, आणि एका कोपऱ्यासाठी कोण तमिळनाडूला जाणार? पाऊण इंच जाडीची एक फरशी पावणेदोन किलोच्या आसपास भरते, म्हणजे सगळा माल पाच क्विंटलांच्या वर. भाडे ठरवताना हा आकडा हातात हवा.

रंगावरून मात्र माझे आणि सासूबाईंचे जुळेना. मला निळ्यावर पांढरे आवडले होते. कारखान्यात ते फारच देखणे दिसत होते. त्या म्हणाल्या, "आपली माती काळी. पांढऱ्यावर पाऊल उमटलं की दिवसभर पुसत बसशील." तेही खरेच होते. शेवटी पिवळ्या जमिनीवर तांबडे फूल आणि काळी किनार. फूल लहान निवडले. अरुंद जागेत मोठे फूल घातले की नजरेत पुरे बसत नाही, नुसत्या पाकळ्या दिसतात.

माल चैत्रात आला, भाताच्या पेंढ्यात बांधून. नऊ फुटलेल्या, त्यात एक कोपरा. गवंड्याला लगेच बसवायच्या होत्या, मी थांबवले. जुन्या घरात जमिनीतून ओल चढते आणि सिमेंटच्या फरशीवर लोणा फुटून पांढरे डाग पडतात. आधी घुशींची बिळे उकरून दगड भरले, कोबा केला, पागोळ्यांचे पाणी जोत्यापाशी मुरत होते ते चर काढून लांब नेले. कोबा महिनाभर वाळू दिला. मग वैशाखाच्या उन्हात, पाऊस लागायच्या आत, पाच दिवसांत फरशी बसली. गवंड्याने शेवटी सिमेंटचे डाग काढायला ॲसिडची बाटली काढली, ती मी हातातून घेतली. ॲसिडने रंगच खाल्ला जातो. लिंबू, चिंच, ताक सांडले तरी तेवढ्याचसाठी लगेच पुसावे लागते. हळदीचा एक डाग माझ्याच हातून पडला आहे, देवघराच्या दाराशी, तो जात नाही.

भाऊजी गणपतीला आले. चप्पल काढून बोळात दोनदा फिरले आणि म्हणाले, "वहिनी, जरा अंधार वाटतो." वाटतो खरा. वर एक काचेचे कौल बसवायचे ठरले आहे, त्याचे पैसे ते देणार आहेत. सासूबाई तेव्हा सोप्यातून माजघरात चहाची कपबशी घेऊन चालल्या होत्या, दोन्ही हातांत धरून.