टोपल्याखालचा मेघदूत

जगातला पहिला बिनतारी संदेश कोणी पाठवला, असे विचारले की बहुतेक लोक मार्कोनीचे नाव घेतात. थोडे अधिक वाचलेले लोक जगदीशचंद्र बोसांचे घेतात, आणि त्यात तथ्य आहे. १८९५ साली कोलकात्यात बोसबाबूंनी मधल्या भिंतींना न जुमानता पलीकडे ठेवलेली घंटा बिनतारी लहरींनी वाजवून दाखवली होती. आम्ही रामटेककर मात्र या वादात पडतच नाही. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मेघदूतातला रामगिरी म्हणजे आमचे रामटेकच, असे साधार मांडले; तेव्हापासून आमच्यापुरता निकाल लागलेला आहे. यक्ष आमच्या टेकडीवर, त्याची बायको तिकडे हिमालयात अलकानगरीत, मध्ये सगळा उत्तर हिंदुस्थान, आणि निरोप नेणारा कोण, तर धूर, पाणी आणि वारा यांचा एक गोळा! याहून बिनतारी ते काय असणार?

हे मी शाळेत छत्तीस वर्षे शिकवले. निरोप कसा निघाला ते शिकवले, वाट वाकडी करून उज्जैनला का गेला तेही शिकवले. पण तो पोचला का हो सर, असे एकाही मुलाने मला विचारले नाही आणि मीही तो प्रश्न कधी परीक्षेत घातला नाही. हा प्रश्न किती अवघड आहे, ते मला गेल्या कार्तिकात कळले.

त्याचे असे झाले. माझी आई चौऱ्याऐंशीची. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून त्रिपुरी पौर्णिमेला गडावर जाऊन त्रिपूर पाहायचा, हा तिचा नेम. गेली दोन वर्षे गुडघ्यांनी संप पुकारला आणि नेम मोडला. तिने तक्रार केली नाही. फक्त त्या रात्री सपरीतल्या झोपाळ्यावर गडाकडे तोंड करून बसून राहिली आणि जेवायला उठली नाही. आमच्या घरात तक्रार करण्याची ही सर्वांत मोठ्या आवाजातली पद्धत आहे.

माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. त्याच्या कानावर हे गेले. दिवाळीनंतर तो आला तो पाठीवर एक पोतडी घेऊन. दोन दिवस तो पहाटे उठून गडावर जात होता. सहाशे-सातशे फोटो काढले, ते लॅपटॉपात घातले, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मामा, गड तयार झाला." वाकाटकांच्या काळापासून उभी असलेली टेकडी त्याने दोन रात्रींत पुन्हा बांधली होती. ती पाहायची कशी, तर पोतडीतून निघालेले एक पांढरे डबडे डोळ्यांवर बांधून. घोड्याच्या झापडा असतात ना, तसे. घोड्याला आजूबाजूचे दिसू नये म्हणून झापडा. आणि इथे झापडा बांधल्यावरच आजूबाजूचे सगळे दिसते. मान वळवाल तिकडचा गड.

डबडे लॅपटॉपला वायरने जोडले की उत्तम चालत होते. मी स्वतः गडाच्या तटावर उभा राहून खाली अंबाळा तलाव पाहिला, आणि मागे वळताना वायरीत पाय अडकून देवघरापुढे साष्टांग नमस्कार घातला. ते आईने पाहिले. "डोक्याले वायर बांधून मी नाही बसत बाप्पा," ती म्हणाली, "तुमचा तो करंट येईन तर?" झाले! वायर रद्द. भाचा म्हणाला, "काही हरकत नाही आजी, वायरलेस करतो. पाच मिनिटांचं काम."

पाच मिनिटे म्हणजे किती, हे त्या तीन दिवसांत मी शिकलो.

भाच्याचा लॅपटॉप चारचौघांसारखा नव्हे, लिनक्सवाला. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एका विद्यार्थ्याने हौसेने सुरू केलेली ही प्रणाली. फुकट मिळते, आणि तिचे सगळे आतले कोणालाही उघडून पाहता येते. "सगळं आपल्या हातात असतं, मामा," असे भाचा अभिमानाने म्हणतो. सगळे आपल्या हातात असले की बिघडल्यावर दोष द्यायलाही दुसरा कोणी उरत नाही, हे तो म्हणत नाही. डबडे विकणाऱ्याने लिनक्सचा विचार केलेला नसतो. मग जगभरचे हौशी लोक एकत्र येऊन मधला दुवा लिहितात. त्या दुव्याचे नाव विव्हर्न.

"म्हणजे तुझं ते क्लाऊड का काय?" मी विचारले. मेघ म्हटले की माझे कान टवकारतात.

"नाही मामा, क्लाऊड नाही, इंटरनेटसुद्धा नाही. घरातल्या घरात निरोप द्यायचा. आजीने मान वळवली की डबडं लॅपटॉपला सांगणार, मान इकडे आहे. लॅपटॉप तिकडचं चित्र काढणार, दाबून लहान करणार आणि परत पाठवणार. सेकंदाला बहात्तर वेळा. जरा उशीर झाला की आजीला गरगरणार."

घरातल्या घरात निरोप पोचत नाही, ही आमच्याकडे काही नवी गोष्ट नव्हे. चहा मागितल्यापासून येईपर्यंतचा काळ मी मोजलेला आहे. सेकंदाला बहात्तर हे ऐकूनच मला गरगरले.

पहिल्या दिवशी डबड्याला लॅपटॉप सापडेचना. भाच्याने सांगितले, की घरातली यंत्रे एकमेकांना हाका मारून शोधतात आणि लिनक्समध्ये हाका मारणाऱ्याचे नाव आहे 'अवाही'. मी संस्कृतचा मास्तर. म्हटले, "अरे, अवाही म्हणजे जो वाहत नाही तो! नावातच नकार असलेल्याकडे निरोपाचं काम दिलंत कशाला?" त्यावर तो म्हणाला, की हे संस्कृत नाही, मादागास्कर बेटावरच्या एका लेमुराचे नाव आहे. लेमूर म्हणजे माकडाचा लांबचा भाऊबंद. रामटेकच्या माणसाला माकडाचे नाव काढले की पुढे काय होणार हे कळायला हवे होते. मला कळले नाही.

शेवटी दोष अवाहीचा नव्हता, फायरवॉलचा होता. फायरवॉल म्हणजे वाड्याचा दरवान. त्याने सगळी दारे लावून घेतली होती. ९७५७ नंबरचे दार उघड, असे भाच्याने त्याला लिहून कळवले, आणि डबड्यात गड दिसला. पण कसा? चौकोन चौकोन होऊन, कलाबतू उसवल्यासारखा. मध्येच मंदिर थिजायचे आणि मग उडी मारून पुढे यायचे.

"कार्ड डुलक्या घेतंय," भाचा म्हणाला. बॅटरी वाचावी म्हणून लॅपटॉपातले वायफायचे कार्ड मधून मधून झोपते म्हणे. दुपारच्या तासाला मीही ते करीत असे, त्यामुळे मला त्याच्याविषयी आपुलकी वाटली. भाच्याने निर्दयपणे त्याची झोप बंद केली. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग त्याने लॅपटॉपलाच राउटर करायचा घाट घातला. तर लॅपटॉप म्हणाला, की आपण कोणत्या देशात आहोत हे मला ठाऊक नाही, तेव्हा पाच गिगाहर्ट्झवर मी बोलणार नाही. कोणत्या लहरी मोकळ्या वापराव्यात हे प्रत्येक देश आपले आपण ठरवतो. देश कळेपर्यंत हे यंत्र बिचारे तोंड मिटून बसते. भाच्याने त्याला 'भारत' असे लिहून दिले. तरी ऐकेना! काही कार्डे मालकाच्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत, शेजारपाजारच्या राउटरांवरून स्वतः अंदाज घेतात. आमच्या गल्लीतून त्याला काय ऐकू आले देव जाणे. रामटेकमध्ये बसून आपण भारतात आहोत याची खात्री न पटणारा तो पहिलाच इसम.

दुसऱ्या दिवशी भाच्याने नवा सिद्धान्त काढला. लॅपटॉपही हवेतून बोलतो आणि डबडेही हवेतून, म्हणजे एकच निरोप हवेतून दोनदा जातो. लॅपटॉप तरी राउटरला तारेने जोडला पाहिजे. राउटर माजघरात, आई सपरीत. मी बाजारात जाऊन वीस मीटर तार आणली. दुकानदाराने विचारले, "काय बसवून राहिले सर?" मी म्हटले, "बिनतारी." त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि तार मोजून दिली.

ती तार माजघरातून, स्वयंपाकघराच्या चौकटीवरून, तुळशीला वळसा घालून सपरीत आणली. तरी गड थिजतच होता. आमच्या भिंती दोन फूट जाड. पाच गिगाहर्ट्झची लहर वेगवान खरी, पण भिंत आली की तिचा जीव जातो. बोसबाबूंच्या लहरी कोलकात्याच्या भिंती ओलांडून गेल्या, पण त्यांना आमच्या आजोबांनी बांधलेल्या भिंतीशी गाठ घालावी लागली नव्हती.

आई झोपाळ्यावर वाती वळीत हे सगळे पाहत होती. ती म्हणाली, "इंटरनेट लागत नाही म्हणतोस ना?"

"नाही लागत, आजी."

"मग ते डबडं तिकडं काहून ठेवलं? इकडं आण ना."

मामा-भाचे एकमेकांकडे पाहतच राहिले. राउटर स्टुलासकट सपरीत आला. हातभर तारेने लॅपटॉप जोडला, आणि गड लखलखीत उभा राहिला. वीस मीटर तारेवर हल्ली आम्ही कपडे वाळत घालतो.

आता पौर्णिमेला एकच दिवस उरला होता. भाच्याचे परतीचे तिकीट त्याच्या दुसऱ्या दिवसाचे. सकाळी पाहतो तो एक हुप्प्या सपरीच्या कठड्यावर बसून राउटरच्या लुकलुकणाऱ्या दिव्यांचे निरीक्षण करतो आहे! गडावरची वानरे प्रसाद आणि चष्मे नेतात हे ठाऊक होते. राउटर नेल्याचे ऐकिवात नव्हते, पण पहिला मान आपल्याला कशाला? मी गुपचूप दूध-दही झाकायची तारेची मोठी जाळी आणली आणि राउटरवर पालथी घातली. कोणाला सांगण्यासारखे त्यात काही आहे असे मला वाटले नाही.

अर्ध्या तासाने भाचा उठला, आणि घरात हाहाकार. चित्र येईना. आले तर तुटे. त्याने दारे तपासली, अवाहीला उठवून बसवले, चॅनेल बदलले. शेवटी घाम पुसत म्हणाला, "आता कर्नल बदलून पाहतो." कामठीची छावणी आम्हाला जवळ, त्यामुळे मला वाटले, प्रकरण लष्कराकडे चालले! ते लिनक्सच्या गाभ्याचे नाव निघाले. दुपार झाली. तो जेवला नाही. आणि पहिल्यांदाच मला म्हणाला, "मामा, आजीला उगाच आशा लावली मी."

आई उठली. भिंतीला धरून स्टुलापाशी आली आणि जाळीवर बोट ठेवून म्हणाली, "हे दुधाचं झाकण इथं कोणं ठेवलं?"

भाच्याने जाळीकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. तो माझा भाचा आहे म्हणून काही बोलला नाही. नंतर त्याने समजावले, की ही लहर जेमतेम दोन-अडीच इंचांची असते. तारेच्या बारीक जाळीतून ती बाहेर पडूच शकत नाही. दोन तास तो लिनक्सचे अंतरंग धुंडाळत होता आणि दोष संस्कृतच्या मास्तरात होता. "माकडासाठी..." मी म्हणालो. "मग बांबूचं टोपलं घाल," आई म्हणाली, "कोंबडीवर घालतेत तसं. हवा जाते त्यातून." हवाच नव्हे, लहरही गेली.

संध्याकाळी तिने पदर सावरला, आणि झापडा बांधण्याआधी पायांतल्या सपाता काढून बाजूला ठेवल्या. आम्ही दोघे श्वास रोखून उभे. तिने मान हळूच डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. हात जोडले. "अंबाळा दिसून राहिला," ती म्हणाली. बराच वेळ काही बोलली नाही. मला मेघदूताचा शेवट आठवला. तू गप्प राहिलास म्हणून मी नकार समजत नाही, असे यक्ष मेघाला सांगतो. भाच्याच्या विव्हर्नचे चित्रही तसेच जाते म्हणे, पोच न मागता. पोचेची वाट पाहत बसले तर उशीर होतो.

मग ती एकदम म्हणाली, "इथली पायरी कुठं गेली?"

पायऱ्यांच्या वळणावर भाच्याने फोटो कमी काढले होते. तिथे दगडाऐवजी धुरकट खड्डा झाला होता. "ह्या पायरीवर तुझे आजोबा दम खायले बसायचे," ती भाच्याला म्हणाली. "दर वर्षी. दम लागला असं म्हणायचे नाही, चंद्र पाहतो म्हणायचे."

भाचा म्हणाला, "आजी, उद्या सकाळी जाऊन तेवढ्या पायरीचे फोटो काढून आणतो."

तिने झापडा काढून मांडीवर ठेवल्या. "तुले कशी कळन कोणती ते? मलेच याव लागन."

पौर्णिमेच्या संध्याकाळी गाडी जाते तिथवर गाडीने आणि पुढे एक हात माझ्या खांद्यावर, एक भाच्याच्या, अशी ती निघाली. प्रत्येक पायरीला थांबली. पायरी सापडली. ती तिच्यावर बसली, आणि आम्ही विचारले तेव्हा दम लागला असे म्हणाली नाही. तीन दिवस खपून केलेली बिनतारी व्यवस्था त्या वेळी घरी टोपल्याखाली लुकलुकत होती.

टोपले अजून तिथेच आहे. परवा एक जुने स्नेही आले. सपरीत बसता बसता त्यांनी टोपल्याकडे पाहून आवाज खाली आणला आणि विचारले, "सर, खुडूक बसली काय?"

मी म्हटले, "हो. हळू बोला."