केदारकंठची वाट आणि बर्फातली पँट

डेहराडूनहून सकाळी सुटलेली जीप संध्याकाळी सांकरीला पोहोचते, तेव्हा आतल्या मंडळींची हाडं चांगलीच खिळखिळी झालेली असतात. मसुरी मागे पडते, यमुनेवरचा पूल ओलांडला जातो, नौगाव, पुरोला, मोरी अशी गावं येतात नि जातात. नैटवाडला रूपिन आणि सुपिन या दोन नद्या एकत्र येतात आणि त्यांची टोन्स होते. तिथून पुढे देवदार दाटू लागतात, रस्ता आक्रसतो आणि वळणावर लाकडी घरांचं सांकरी दिसतं. जिल्हा उत्तरकाशी, उंची सुमारे ६,४०० फूट. डिसेंबर उजाडला की या एवढ्याशा गावात चक्क मराठी ऐकू येते. पुण्याची, ठाण्याची, नाशिकची मुलं-मुली पाठीवर बोचकी घेऊन दाखल होतात. साऱ्यांचा रोख एकाच शिखराकडे असतो, १२,५०० फुटांच्या केदारकंठकडे.

महादेव केदारनाथला जाण्याआधी इथेच राहणार होते, पण गाईगुरांच्या घंटांनी त्यांचं ध्यान मोडलं आणि ते उठून गेले, अशी कथा गावकरी सांगतात. आता हिवाळ्यात गुरं खाली उतरलेली असतात आणि डोंगरावर फक्त बर्फ उरतो.

चढाई तशी फार अवघड नाही. पहिल्या दिवशी पाइन आणि ओकच्या रानातून जुडा का तालाब, दुसऱ्या दिवशी अकरा हजार फुटांवरचा तळ, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच शिखराची वाट. पण सांकरीच्या दुकानांसमोर उभं राहिलं की एक गंमत लक्षात येते. येणाऱ्यांच्या अंगावर महागडं जॅकेट असतं, पायात नवे कोरे बूट असतात, डोक्यावर लोकरी टोपी असते. आणि या दोहोंच्या मधे काय? जीन्स!

बर्फात जीन्ससारखा वैरी नाही. सुती कापड पाणी पितं आणि सहजी सोडत नाही. ओलं कापड त्वचेला चिकटलं की अंगातली ऊब भराभर बाहेर जाते, कारण स्थिर हवेच्या मानाने पाणी सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. चालताना हे जाणवत नाही. दहा मिनिटं थांबलं, त्यात वारा सुटला, की मांड्या बधिर होतात, मग हुडहुडी भरते, बोलणं अडखळतं, पाय वेडेवाकडे पडू लागतात. ही सगळी शरीराचं तापमान घसरू लागल्याची लक्षणं. थकवा समजून याकडे काणाडोळा केला तर प्रसंग जिवावर बेतू शकतो.

‘पण आमच्याकडे रेनकोटची पँट आहे की!’ असं सह्याद्रीत पावसाळे काढलेली मंडळी म्हणतात. राजमाची, हरिश्चंद्रगडावर भिजलेल्यांचा हा अनुभव खोटा नाही, पण तो इथे अपुरा पडतो. स्कूटरवर घालायची पँट पाणी बाहेर ठेवते, तशीच आतली वाफही आत कोंडते. सह्याद्रीत घामाने ओलं झालं तरी हवा कोमट असते. केदारकंठवर उणे तापमानात तोच घाम आतून पँटला लागून थिजतो. म्हणजे बाहेरून एक थेंब आत न येताही माणूस भिजतो.

यावरचा तोडगा म्हणजे ‘श्वास घेणारं’ कापड. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचं प्लॅस्टिक झटक्यात ताणून पाहिलं आणि त्यातून असंख्य सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा तयार झाला. छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत शिरू शकत नाही, पण वाफ बाहेर पडू शकते. गोरटेक्स नावाने हे कापड पुढे जगभर गाजलं. आज याच तत्त्वावरची स्वस्त-महाग कापडं अनेक कंपन्या विकतात. लेबलवर दहा हजार किंवा वीस हजार मिलिमीटर असा आकडा असतो. किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब ते कापड झेलतं, त्याचं हे माप. बर्फात गुडघे टेकले किंवा बसकण मारली की दाब वाढतो, म्हणून दहा हजारांच्या खालची पँट इथे न घेतलेली बरी. आकड्याइतकंच महत्त्व शिवणींना. पँट उलटी करून पाहावी. प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर सुईच्या भोकांतून पाणी येणारच.

मात्र दुकानदार जी गोष्ट सहसा सांगत नाही, ती चेनची. स्वस्त पँटला घोट्याजवळ वीतभर चेन असते. शिखराच्या दिवशी पहाटे तीन-साडेतीनला तंबूबाहेर उभं राहावं, म्हणजे तिची किंमत कळते. कपाळावरच्या बॅटरीचा उजेड, हातात जाड मोजे, बुटांना बांधलेले लोखंडी दाते आणि तेवढ्यात सुटलेला वारा. आता पँट चढवायची तर दाते सोडा, बूट काढा, बर्फात एका पायावर उभे राहा! ज्या पँटला कमरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही बाजूंनी पूर्ण चेन असते, ती बुटांसकट चढते नि उतरते. चढावर घाम फुटला तर मांडीपाशी चेन उघडून वाराही घेता येतो. महिलांना तर आडोशाला जाताना तिचा फार उपयोग होतो. वजन थोडं वाढतं, किंमतही वाढते, पण काटकसर करायचीच तर ती दुसरीकडे करावी.

सूर्य वर येतो तेव्हा समोर स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ आणि काळानाग सोन्यासारखे उजळतात. शिखरावरच्या छोट्याशा शिवस्थानापाशी नारळ फुटतात, फोटो निघतात. आणि मग उतरताना खरी परीक्षा सुरू होते.

उन्हाने बर्फ मऊ झालेला असतो आणि कुणीतरी हमखास बसून घसरगुंडी सुरू करतं. पाहता पाहता सगळा जथा खाली घसरू लागतो. हसण्या-खिदळण्याला ऊत येतो. पण नायलॉनची गुळगुळीत पँट बर्फावर तेल लावल्यासारखी पळते. मऊ उतारावर मजा वाटते. तोच उतार सकाळच्या वेळी सावलीत टणक गोठलेला असला तर वेग आवरत नाही आणि खाली झाडं-दगड वाट पाहत असतात. म्हणूनच गिर्यारोहणाच्या शिक्षणात घसरताना आइस अॅक्स रोवून स्वतःला थांबवायचा सराव आधी करून घेतात. काठी घेऊन आलेल्या हौशी पर्यटकाला ते कुठून जमणार? वाटाड्या ‘बैठना मत’ म्हणाला की बसू नये, इतकं तरी पाळावं. शिवाय एका घसरगुंडीत नव्या पँटच्या बसण्याच्या जागी भोक पडतं, ते वेगळंच.

बुटांच्या दात्यांनी घोट्याच्या आतल्या बाजूला कापड फाटतं, म्हणून तिथे जाड कापडाचा तुकडा शिवलेला पाहावा. पायघोळ पँट नको; तिच्यात दाते अडकून माणूस तोंडावर पडतो. माप मात्र थोडं ढगळच हवं. आत लोकरीची विजार घालून दुकानातच उकिडवं बसावं, स्टुलावर पाय ठेवून पाहावा. गुडघ्याला किंवा कमरेला ताण बसला तर पुढचं माप मागावं. दर हिवाळ्यात जाणार नसाल तर विकत घेण्याआधी भाड्याने मिळते का ते पाहायलाही हरकत नाही, फक्त शिवणी तेवढ्याच बारकाईने तपासाव्यात.

रात्री ओली पँट तंबूबाहेर दोरीवर टाकू नये. सकाळी ती पापडासारखी कडक झालेली असते. झटकून, गुंडाळून, पिशवीत घालून तंबूतच ठेवावी. घरी परतल्यावर नेहमीच्या धुण्याच्या पावडरीत भिजवली तर कापडावरचा पाणी झटकणारा लेप निकामी होतो. त्यासाठीचा वेगळा साबण मिळतो. कपडे मऊ करणारं द्रव्य तर अजिबात नको. धुतल्यावर पाण्याचे थेंब मोत्यांसारखे घरंगळेनासे झाले, कापड ओलं दिसू लागलं, की लेबलवर परवानगी असेल तर मंद इस्त्री फिरवावी. बहुतेकदा तेवढ्याने लेप पुन्हा जागा होतो.